एका चुलीचा भाव

"घरी कोन कोन असते?"

गुल्हाने साहेबांच्या केबिनमध्ये शिरलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा. तो कर्ज मागायला आलेला असो, चेकबुक मिळालं नाही म्हणून भांडायला आलेला असो, नाहीतर खालच्या दवाखान्याऐवजी चुकून आमच्या शाखेचा जिना चढलेला असो. साहेब खुर्ची दाखवायचे, पंखा त्याच्याकडे वळवायचे आणि विचारायचे, घरी कोण कोण असतं. माणूस सुखावायचा. बँकेत आपल्या घरच्यांची चौकशी होते म्हणजे केवढी गोष्ट! मग तो सांगत सुटायचा. आई आहे, तिला बाबांची पेन्शन आहे, धाकटा भाऊ पाटबंधारे खात्यात आहे, बायको शाळेत आहे, वहिनीच्या माहेरचे बडनेऱ्याला असतात. साहेब डोळे अर्धवट मिटून ऐकायचे आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, जप करतात. ते ठेवी मोजत असायचे.

अमरावतीच्या आमच्या शाखेत ते व्यवस्थापक होते आणि मी कर्ज विभागात अधिकारी. बुटका, भरदार माणूस. मानेला पावडर, खिशाला दोन पेनं, आणि उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, जो ते केबिनमध्ये आल्यावरही तासभर सोडायचे नाहीत. आवाज असा, की त्यांनी फोनवर कोणाला गुपित सांगितलं तर ते कॅश काउंटरवरच्या रांगेलाही कळावं.

त्यांचं ते पेरांवरचं मोजणं काय असायचं, ते सांगायला हवं. बँकेत कर्जाचा एक दर भिंतीवर लावलेला असतो. तो ज्यांची बँकेत ओळखपाळख नाही, त्यांच्यासाठी. दुसरा दर संबंधांवर ठरतो. तुमचा पगार आमच्याकडे जमा होतो का, ठेवी किती, विमा काढला का, बायकोचं खातं कुठे, वडिलांची पेन्शन कुठे, हे सगळं एकत्र धरायचं, त्यातून तुम्ही बँकेला किती फायद्याचे ते काढायचं आणि त्या मानानं दर खाली आणायचा. कॉम्प्युटरमध्ये त्या साऱ्या नावांचा एक ग्रुप बांधला जातो. ग्रुपच्या ठेवी ठरलेल्या पातळीच्या वर राहिल्या की सवलत चालू, खाली गेल्या की बंद. हे सगळ्याच बँका करतात. साहेब ते मन लावून करायचे, एवढाच फरक. 'एक चूल, एक भाव' हे त्यांचं ब्रीद होतं. एका चुलीवर जेवणारे सगळे मिळून एकच गिऱ्हाईक.

मला यात गैर वाटत नव्हतं. माझे बाबा अकोल्यात भिक्षुकी करायचे. ज्या घरची मुंज, लग्न, वास्तुशांत, श्राद्ध सगळं त्यांच्याकडे, त्या घरी ते दक्षिणेचं नावही काढायचे नाहीत. आणि ज्यानं फक्त नवी मोटरसायकल पूजेला बोलावलं, त्याच्याकडून मात्र रोख घ्यायचे. त्यामुळे साहेबांचं शास्त्र मला घरचंच वाटलं.

आमच्या शाखेत चहासुद्धा याच शास्त्रानं मिळायचा. शिपाई पांडुरंग दारात येऊन साहेबांच्या कपाळाकडे बघायचा. एक भुवई वर गेली तर कागदी कपात अर्धा कट. दोन्ही भुवया वर गेल्या तर कपबशीतून पेशल. सगळं खटलं आमच्या बँकेत असलेल्या माणसाला पेशल. नुसतं बचत खातं असलेल्याला कट. आणि ज्याचं फक्त कर्ज आहे, त्याला पाणी. पांडुरंगाचा अंदाज कधी चुकला नाही.

एकदा एक वकील आले होते. गावात मोठं नाव, घर बांधायला कर्ज हवं होतं आणि दर कमी करून हवा होता. आल्या आल्या टेबलावर गाडीची किल्ली आपटली आणि म्हणाले, "तीन बँका माझ्या मागे लागल्या आहेत."

"मंग जा ना बाप्पा त्यायच्याकडे," साहेब म्हणाले. "मी तुमाले फक्त इचारून राह्यलो, घरी कोन कोन असते?"

वकीलसाहेब आधी चिडले, मग घासाघीस करू लागले. बायको प्राध्यापक, तिचा पगार आणला तर पाव टक्का. मुलाची फी इथून भरली तर पुढचं बघू. असं करत करत त्यांनी महिन्याभरात सगळं घर आमच्या शाखेत आणलं, आणि तरीही साहेबांच्या पेरावर थोडं कमीच पडत होतं, म्हणून शेवटी बाळापूरहून सासूला आणलं. ऑटोतून उतरवून दोघांनी धरून त्या माउलीला जिना चढवला. तिची जन्माची पुंजी ठेवीत टाकली. सही करताना तिनं चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं.

"जावयाले व्याज कमी लागन, हे मले समजलं. मंग माया पैशाले जास्त भेटन का?"

"मावशी, तुमाले पेशल चहा भेटन."

"चहा तं मले घरीबी भेटते," म्हातारी म्हणाली.

सगळे पोट धरधरून हसले. जावई सगळ्यात मोठ्यानं हसले. मीही हसले होते. म्हातारीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोणीच दिलं नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

साहेब वाईट माणूस होते असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. भाजीबाजारातल्या देविदासचं दुकान शॉर्ट सर्किटनं जळालं, तेव्हा विभागीय कार्यालयानं त्याला नवं कर्ज द्यायला चक्क नकार दिला होता. साहेब स्वतः जाऊन तिथल्या मोठ्या साहेबांसमोर बसले. "तुमी देविदासचा कागद पाहून राह्यले. मी त्याचं घर पाहून राह्यलो. तीन भाऊ हायत, सासरा हाय, सगळे आपल्या इथं पैसे टाकतेत. कागदावरचा मानूस एकटा असते, साहेब. खरा मानूस कधी एकटा नसते." कर्ज तर मिळवलंच, वर दरही कमी करून आणला. देविदास आजही त्यांना देवमाणूस म्हणतो. त्याच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं.

पण मला 'माणूस कधी एकटा नसतो' हे वाक्य आठवलं की तोंड कडू होतं. कारण मला शोभाताई आठवतात.

शोभाताई वलगावच्या. भावाची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माल अमरावतीच्या बाजारात यायचा. नवरा खासगी नोकरीत होता, अपघातात गेला, तेव्हापासून त्या मुलीला घेऊन भावाकडे राहत होत्या. नवऱ्याच्या पाठीमागे जे पैसे मिळाले, ते त्यांनी आमच्याकडे मुदत ठेवीत ठेवले होते. त्यांच्या नावावर जगात तेवढंच होतं.

भावाला, विलासला, माल नेण्यासाठी गाडी आणि शेडनेटसाठी कर्ज हवं होतं. साहेबांनी पेरं मोजली. विलासची स्वतःची शिल्लक म्हणजे आनंदच होता. आईचं खातं नावापुरतं. घरात खरी रक्कम एकाच नावावर होती. साहेबांनी शोभाताईंना बोलावलं, दोन्ही भुवया वर करून पेशल मागवला आणि ग्रुपच्या कागदावर सही मागितली.

"माया पैशाले हात तं नाई लागनार ना, साहेब?"

"अजिबात नाई, बाई. पैसे तुमचेच. तुमच्या भावाच्या मागं ते फक्त उभे राह्यतीन."

हे खरं होतं. कायद्यानं तंतोतंत खरं. ठेव तारण नव्हती, अडकवलेली नव्हती. ती नुसती उभी होती. विलासचा दर त्यामुळे उतरला, साहेबांना वलगावहून पेढे आले आणि दसऱ्याला शाखेच्या दाराला फुकट तोरण लागलं.

पुढे शोभाताईंची मुलगी ऋतुजा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला अमरावतीत फार्मसीला प्रवेश मिळत होता. एका सकाळी शोभाताई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका देवळासमोर हार-फुलांची टपरी मिळत होती, मागच्याच गल्लीत दोन खोल्या मिळत होत्या. मुलीची फी, टपरीचं आणि खोल्यांचं डिपॉझिट, सगळं त्या ठेवीत बसत होतं.

"फुलं तं मी जनमभर ओवून राह्यलो, मॅडम," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "आता सोताच्या दुकानात ओवीन."

मी फॉर्म पुढे केला. तेवढ्यात साहेबांनी काचेतून पाहिलं आणि त्यांना आत बोलावलं. गोड बोलून, उद्या या म्हणून वाटेला लावलं. त्या जिना उतरत असतानाच साहेबांनी विलासला फोन लावला. ही त्यांनीच पाडलेली पद्धत होती: ग्रुपमधली मोठी ठेव मोडायला कोणी आलं, की ज्याचं कर्ज त्याला आधी कळवायचं. नियमात कुठेही नव्हतं. साहेब याला आपुलकी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑटोत घातलं. "बाईमानसाशी बोलाचं हाय, तुमी चाला."

वलगावच्या त्या अंगणात झेंडूचे ढीग पडले होते. विलासनं साहेबांच्या पाया पडून बाजेवर सतरंजी टाकली. आई भिंतीला टेकून बसली होती. शोभाताई आणि ऋतुजा ढिगापाशी बसून माळा ओवत होत्या, आणि आम्ही आलो तरी त्यांचे हात थांबले नाहीत. साहेबांनी पाणी घेतलं, चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं, मग विषयाला हात घातला.

"शोभाबाई, दोन वर्षाचा तं प्रश्न हाय. कर्ज फिटू द्या, मंग काहाडा पैसे. दोन वर्ष म्हन्जे काय, पाह्यता पाह्यता जातेत."

"पोरीची ॲडमिशन दोन वर्ष थांबत नाई, साहेब."

"तुमी ठेव मोडली का विलासची सवलत गेली. एका चुलीवरचं घर हाय, बाई. असं नाई करत."

शोभाताईंनी सुई फुलात खोचून ठेवली. "चूल तं मीच पेटवतो, साहेब."

विलासची बायको उठून आत गेली. विलास मान खाली घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता, त्यानं वर न बघताच विचारलं, "हप्ता वाढन तो तू भरशीन का?" आणि मग आई बोलली. फार हळू. "शोभे, साहेब एवढे घरी आले."

झालं. आमच्याकडे याला उत्तर नसतं. बँकेत, काउंटरवर शोभाताई भांडल्या असत्या. पण घरी चालून आलेल्या, सतरंजीवर बसून चहा घेतलेल्या वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणून परत पाठवायचं? साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते शाखेत बोलले नाहीत, वलगावला गेले.

शोभाताई आम्हाला पोचवायला दारापर्यंत आल्या. साहेब पुढे गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "ताई, ठेव तुमच्या नावावर आहे. उद्या या, मी मोडून देते. बँक तुम्हाला अडवू शकत नाही."

"बँक कोठी अडवते, मॅडम," त्या मान हलवत म्हणाल्या. "घर अडवते."

परतताना ऑटोत मी मोबाईलवर हिशेब केला. सवलत गेली असती तर विलासचा हप्ता महिन्याला जेवढा वाढला असता, तेवढ्यात त्याचा महिन्याचा खर्राही आला नसता. मी ते साहेबांना सांगितलं. रागानंच सांगितलं.

"रकमेची गोष्ट नाई, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आज सवलत तुटली असती, उद्या मनं तुटली असती. घर वाचवलं आपन." आणि चौकात ऑटो थांबवून त्यांनी गिला वडा खाल्ला. दोन प्लेटी. खरोखर एक चांगलं काम करून आलेल्या माणसाची भूक होती ती. ते ढोंग करत असते तर मी त्यांना कधीच विसरून गेले असते.

शोभाताई ठेव मोडायला आल्या नाहीत. ऋतुजाचा प्रवेश गेला. ती घरीच माळा ओवू लागली आणि पुढल्या वर्षी तिचं लग्न करून टाकलं. शोभाताई पासबुक भरायला यायच्या, तेव्हा एवढंच सांगायच्या की पोरगी बरी आहे. दोन वर्षांनी विलासचं कर्ज फिटत आलं तेव्हा त्यानं दुसरी गाडी घ्यायला नवीन कर्ज काढलं. जुनाच ग्रुप, जुनीच सवलत. तोवर साहेब निवृत्त झाले होते. निरोप समारंभाला विलासनं फुलांचा हार आणला होता, माणसाच्या गुडघ्यापर्यंत येणारा. तो कोणी ओवला असेल हे मला विचारावं लागलं नाही.

यथावकाश माझी बदली अकोल्याला, माझ्याच गावी झाली, शाखा व्यवस्थापक म्हणून. आणि एक दिवस जिन्यावरून तो ओळखीचा आवाज आला. साहेबांची पत्नी गेली होती. अमरावतीचं घर विकून ते मुलाकडे अकोल्याला राहायला आले होते. घराचे पैसे आमच्याच बँकेत ठेवले होते आणि मुलाचं गृहकर्जही आमच्याकडे होतं. ग्रुप त्यांनी स्वतःच बांधून घेतला होता. अभिमानानं सांगितलं मला. "पोराले असा दर अख्ख्या अकोल्यात कोनाले नाई."

आठवड्यातून एकदा ते यायचे. पासबुकाचं निमित्त असायचं. मी पेशल मागवायचे. कप ते दोन्ही हातांत धरून बसायचे आणि फार सावकाश प्यायचे.

शेवटचे आले ते एका भर उन्हाच्या दुपारी. माझ्याकडे न येता सरळ मृणालच्या टेबलाशी गेले. मृणाल आमच्याकडची ठेवींची अधिकारी, नागपूरची मुलगी. मी काचेतून बघत होते. त्यांनी ठेव मोडायचा फॉर्म मागितला, भरला, सही केली. मृणालनं कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि हसून म्हणाली, "काका, तुम्ही ग्रुपमध्ये आहात. मुलाची सवलत जाईल ना. एक मिनिट हं." आणि तिनं फोन उचलला.

ती पद्धत अमरावतीहून सगळ्या विभागात पसरली होती. साहेबांना त्याबद्दल एकदा शालही मिळाली होती. आता साहेब त्या फोनकडे बघत उभे होते. मुलाचा आवाज स्पीकरवर मलाही ऐकू आला. "पप्पा, कशाला हवेत इतके पैसे? दोन वर्षं थांबा ना, मग बघू. तिथंच बसा, मी घ्यायला येतो."

मी त्यांना केबिनमध्ये आणून बसवलं. कशाला हवे होते पैसे, तेही विचारलं.

"अमरावतीले दोन खोल्या पाह्यल्या होत्या. जुन्या गल्लीत." मग म्हणाले, "पोरगा चांगला हाय. सूनबी चांगली हाय. पन मले चहा मांगाव लागते, मॅडम."

मी म्हटलं, "साहेब, ठेव तुमच्या नावावर आहे. आत्ता मोडून देते. बँक तुम्हाला अडवू शकत नाही."

बोलून गेल्यावर मला कळलं, हे मी आधी कुठे बोलले होते. त्यांनी वर पाहिलं. ते वलगावला माझ्या पुढे चालत होते, त्यांनी तेव्हा ऐकलं नसणार. पण मान मात्र त्यांनी शोभाताईंसारखीच हलवली. "राहू द्या. पोरगा घ्याले येऊन राह्यला."

पांडुरंगासारखा इथं कोणी नाही. चहा आला तो कागदी कपातच आला. ते कपाकडे बघत राहिले. मग विचारलं, "ते वलगावची बाई... शोभाबाई. काढले का पैसे तिनं?"

"नाही साहेब. उभे आहेत अजून."

"आन पोरगी?"

"तिचं लग्न झालं. कधीच झालं."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "दोन वर्ष केवढे असतेत, मले नोतं ठाऊक," ते म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण तिच्याहून मोठा राग आला. हे तुम्हाला झेंडूच्या ढिगासमोर कळायला हवं होतं, चहा पिताना कळायला हवं होतं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. समोरचा माणूस खाली बघत दुपट्ट्याचं टोक चुरगाळत होता.

खालून हॉर्न वाजला. साहेब उठले, बाहेर जाता जाता मृणालच्या टेबलाशी थांबले.

"पोरी, घरी कोन कोन असते तुया?"

"इथं एकटीच असते काका. रूम घेऊन राहते."

मला वाटलं, आता म्हणतील, माणूस कधी एकटा नसतो. ते काहीतरी आठवत असल्यासारखे क्षणभर थांबले.

"किल्ली तुयाजवयच असते?"

"हो. का बरं?"

"काई नाई," म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरू लागले.

मी खिडकीशी गेले. खाली साहेब गाडीच्या मागच्या दाराची मूठ ओढत होते. दार उघडत नव्हतं. मुलगा फोनवर बोलत होता. त्यानं आतून लॉक काढेपर्यंत ते त्या उन्हात तसेच उभे होते.